रिझर्व्ह उघडलं, तरी माणूस विमानाला लटकला कसा? दुसऱ्या पॅराशूटची गोष्ट, सोप्या भाषेत

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेनं डिसेंबर २०२५ मध्ये एका अपघाताचा अहवाल आणि व्हिडिओ प्रसिद्ध केला. तो जगभर फिरला, तसा नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरला. प्रसंग २० सप्टेंबर २०२५ चा, क्वीन्सलंडमधल्या केर्न्सच्या दक्षिणेचा. १५,००० फुटांवर सेस्ना कॅरव्हॅन विमानाच्या दारातून पहिला स्कायडायव्हर बाहेर पडतो. त्याच क्षणी त्याच्या छातीवरचं रिझर्व्हचं हँडल पंखाच्या फ्लॅपमध्ये, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्टीत अडकतं, रिझर्व्ह पॅराशूट फाडकन उघडतं आणि विमानाच्या शेपटीला गुंडाळलं जातं. माणूस शेपटीखाली लटकत राहतो.

व्हिडिओखाली आपल्याकडच्या लोकांचा प्रश्न एकच होता. "काऊन भाऊ, दुसरी छत्री तर उघडली, मंग हा वाचाले पाह्यजे होता ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की रिझर्व्ह पॅराशूटबद्दलचं जवळजवळ सगळं कळतं. रिझर्व्ह म्हणजे बॅगेत ठेवलेलं जादा कापड नव्हे. ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या उंचीच्या आत काम करणारी ती एक पूर्ण यंत्रणा आहे. क्रम किंवा वेळ चुकली, तर तेच कापड जीवावर उठतं.

हे आपण समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण स्कायडायव्हिंग आता फक्त टीव्हीवर बघायची गोष्ट राहिलेली नाही. वायुसेनानगरात एअर फेस्ट असला की वायुसेनेच्या आकाशगंगा चमूच्या पॅराशूट उड्या बघायला आख्खं नागपूर लोटतं. उज्जैनला मध्य प्रदेश पर्यटनानं स्कायडायव्हिंगचे महोत्सव भरवले, हरियाणातल्या नारनौलला नेहमीच्या उड्या होतात, आणि आपली पोरं तिथं जाऊ लागली आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यातल्या ११ खेळांमध्ये स्कायडायव्हिंग आहे. घरच्यांना मात्र "दोन छत्र्या असतात म्हणे" याच्यापलीकडे काही सांगितलेलं नसतं.

पाठीवरच्या बॅगेत असतं काय?

स्कायडायव्हरच्या पाठीवर एकच बॅग दिसते, पण तिचे कप्पे दोन असतात. खालच्या कप्प्यात रोजच्या वापराचं पॅराशूट, त्याला 'मेन' म्हणतात. वरच्या कप्प्यात संकटातलं, ते 'रिझर्व्ह'. बॅग अंगाला बांधणाऱ्या पट्ट्यांचा साज म्हणजे 'हार्नेस'. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधल्या सैनिकांचे फोटो पाहिले असतील, तर त्यांच्या रिझर्व्हचं गाठोडं पोटावर दिसतं. तो जुना आणि आजही लष्करी उड्यांत चालणारा प्रकार आहे. खेळातल्या उड्यांमध्ये ते पाठीवर गेलं.

दोन्ही पॅराशूटं सारखीच, असं समजू नका. मेनचं कापड बहुधा हवा अजिबात न झिरपणारं असतं. ते बरीच वर्षं टिकतं आणि चपळ उडतं. रिझर्व्हचं नायलॉन थोडं वेगळं असतं, घडी चांगली बसणारं आणि चटकन फुलणारं. रिझर्व्हकडून कसरतीची अपेक्षाच नाही. ते सरळ उघडावं, सरळ उडावं आणि बेशुद्ध माणसालाही जमेल तितक्या हळुवार खाली आणावं, एवढंच त्याचं काम.

आणखी एक मोठा फरक उघडण्याच्या पद्धतीत आहे. मेन उघडताना स्कायडायव्हर हातानं एक छोटी छत्री वाऱ्यात सोडतो आणि ती मोठ्या पॅराशूटला ओढून काढते. रिझर्व्हच्या छोट्या छत्रीत स्प्रिंग असते. कप्पा बंद ठेवणारी पिन निघाली की ती उसळून बाहेर पडते, कुणी फेकायची गरज नसते. शिवाय रिझर्व्ह ज्या पिशवीत घडी करून ठेवलेलं असतं, ती पिशवी पॅराशूटला कायमची जोडलेली नसते. छोटी छत्री किंवा पिशवी कशात अडकली, तरी आतलं पॅराशूट निसटून फुलू शकावं म्हणून ही मुद्दाम केलेली योजना आहे.

आधी सोडा, मग उघडा

मेनमध्ये बिघाड दोन तऱ्हेचे होतात. एक तर ते बाहेरच येत नाही. मग हिशोब सोपा असतो, थेट रिझर्व्ह. दुसरी तऱ्हा जास्त वेळा घडते आणि जास्त फसवी असते. पॅराशूट बाहेर येतं पण नीट फुलत नाही. एखादी दोरी कापडावरून आडवी जाते, दोऱ्यांना पीळ बसतो, गाठ पडते. असं अर्धवट फुललेलं पॅराशूट कधी शांतपणे लोंबतं, तर कधी माणसाला भोवऱ्यात टाकून गरागरा फिरवतं.

अशा वेळी डोक्यावर फडफडणाऱ्या त्या कापडातच रिझर्व्ह सोडलं, तर दोन्हींच्या दोऱ्या एकमेकांत गुंतू शकतात. मग दोन पॅराशूटं असूनही एकही नाही. म्हणून पहिला नियम असा: आधी बिघडलेलं मेन अंगापासून पूर्ण तोडून टाका, थोडं मोकळं पडा, मग रिझर्व्ह उघडा. या तोडण्याला 'कटअवे' म्हणतात. छातीच्या उजव्या बाजूचं हँडल कटअवेचं, डाव्या बाजूचं रिझर्व्हचं. शिकणाऱ्याकडून जमिनीवर टांगलेल्या हार्नेसमध्ये हे दोन हात इतक्या वेळा घोटून घेतले जातात, की विचार करायची गरज उरू नये.

याच हँडलांमुळे कपड्यांचा प्रश्नही गंभीर होतो. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण त्या उडीमागची तयारी लक्षात घ्या. ऐनवेळी पदर किंवा निऱ्या वाऱ्यानं उडून हँडलवर आल्या, तर हाताला हँडल सापडत नाही. ढगळ जॅकेट, ओढणी, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

तीन कड्यांची करामत

मोठ्ठा प्रश्न पुढेच आहे. फिरत्या पॅराशूटनं खांद्यांवरच्या पट्ट्यांना जबरदस्त ताण दिलेला असतो. एवढ्या ताणाखालची जोडणी घाबरलेल्या माणसानं एका हातानं सोडवायची कशी? पूर्वीच्या जोडण्यांमध्ये दोन्ही खांद्यांवरचे धातूचे खटके वेगवेगळे सोडवावे लागत. एक सुटला आणि दुसरा अडकला, की परिस्थिती आणखी बिघडायची.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बिल बूथ यांनी यावर 'थ्री-रिंग' जोडणी काढली. प्रत्येक खांद्यावर तीन कड्या, मोठी, मधली आणि छोटी, एकीतून एक ओवून उलटवलेल्या. छोट्या कडीवर दोरीचा बारीक फास आणि फासात एक गुळगुळीत केबल. पानाच्या तबकातला अडकित्ता आठवा. लांब दांड्यावर बोटांचा थोडा जोर दिला की दातांना न फुटणारी सुपारी कट्‌कन तुटते. इथं तोच तरफेचा नियम उलट्या दिशेनं वापरलाय. मोठ्या कडीवरचा शेकडो किलोंचा ताण प्रत्येक कडीगणिक कमी होत जातो आणि शेवटच्या फासावर अगदी किरकोळ उरतो. उजवं हँडल ओढलं की केबल फासातून निसटते, तिन्ही कड्या एकामागून एक उलटतात आणि दोन्ही खांदे एकाच ओढीत मोकळे होतात.

जगभरच्या खेळातल्या बॅगांवर आज हीच जोडणी दिसते. माझ्या मते या खेळात सर्वात जास्त जीव वाचवणारी वस्तू कुठली असेल, तर या तीन कड्या.

हात पोचलाच नाही तर?

रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवतो तो दोरीचा एक फास आणि त्यातून जाणारी पिन. हा फास सुटला की रिझर्व्ह बाहेर. तो सोडवण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे आपला हात, डावं हँडल ओढलं की पिन निघते.

दुसरी वाट म्हणजे 'आरएसएल' नावाची साधी पट्टी. तिचं एक टोक मेनच्या खांदेपट्ट्याला आणि दुसरं रिझर्व्हच्या पिनेला. कटअवे करताच निघून जाणारं मेनच जाता जाता पिन ओढून नेतं. माणूस दुसरं हँडल शोधत बसला तरी रिझर्व्ह उघडायला लागलेलं असतं. याच्या पुढच्या आवृत्तीत तर उडून जाणारं मेन रिझर्व्हची पिशवीही खेचून काढतं. बिघडलेल्या पॅराशूटकडूनच शेवटचं काम करून घ्यायचं, ही कल्पना मला फार आवडते.

तिसरी वाट यंत्राची. माणूस बेशुद्ध पडला, कुणाशी हवेत टक्कर झाली, किंवा उंचीचं भानच राहिलं नाही, तर काय? त्यासाठी बॅगेत बसवलेलं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे 'एएडी'. ते हवेचा दाब सतत मोजतं आणि त्यावरून उंची आणि पडण्याचा वेग काढतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी बनवलेलं 'सायप्रेस' हे यंत्र १९९१ मध्ये बाजारात आलं आणि या प्रकारच्या यंत्रांवर लोकांचा विश्वास बसला. अनुभवी स्कायडायव्हरसाठीच्या सायप्रेसचा निकष असा: जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर आल्यावरही माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी १२६ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं पडत असेल, तर छोटी पाती उडवून तो फासच कापायचा. टँडम उडीसाठीचं, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन दोघांनी मारायच्या उडीसाठीचं यंत्र जास्त वर, १,९०० फुटांच्या आसपास हेच काम करतं.

यात नागपूरकरांना चटकन कळेल अशी एक बाब आहे. हे यंत्र 'जमीन' कुठं आहे ते हवेच्या दाबावरूनच ठरवतं. मुंबई समुद्राच्या पातळीवर, तर आपलं नागपूर जवळपास १,००० फूट वर. समजा मुंबईत यंत्र चालू केलं आणि त्या जमिनीच्या हिशोबावर उडी नागपूरवर मारली. मुंबईच्या हिशोबानं ७५० फूट उंची येण्याआधीच नागपूरची जमीन लागेल. म्हणून सूचना अशी असते, की ज्या धावपट्टीवरून विमान उडणार तिथंच यंत्र चालू करायचं. उतरायची जागा वेगळ्या उंचीवर असेल, तर तेवढा फरक यंत्राला सांगायचा.

"यंत्र आहे ना, मग काळजी कशाला?"

हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकलाय, आणि तो धोकादायक आहे.

आकडे बघा. छातीवर पालथं पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. ७५० फूट म्हणजे सुमारे २२८ मीटर. हाताशी उरतात जेमतेम ४ सेकंद, आणि त्यातले दोनेक सेकंद रिझर्व्ह फुलायलाच लागतात. एएडी काम करतं ते अगदी काठावर.

दुसरी मर्यादा वेगाची. अर्धवट फुललेल्या मेनखाली माणूस जीवघेण्या वेगानं खाली येत असतो, पण तो वेग ताशी १२६ किलोमीटरच्या खाली असू शकतो. यंत्राच्या लेखी सगळं ठीक आहे, म्हणून ते गप्प बसतं. तिथं निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

त्यासाठी 'निर्णयाची उंची' ठरलेली असते. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या शिफारशीनुसार विद्यार्थ्यांसाठी ती २,५०० फूट आहे आणि अनुभवींसाठी १,८०० फूट. मेन सुधारायची खटपट तिथवरच, पुढं नाही. १,००० फुटांखाली तर कटअवे करूच नये असं शिकवतात. तिथं डोक्यावर जे काही आहे ते टाकून देण्यापेक्षा त्यात रिझर्व्हची भर घालणं बरं. वर सांगितलेल्या पहिल्या नियमाच्या हे बरोबर उलट आहे, कारण एवढ्या खाली मोकळं पडायला उंचीच उरलेली नसते.

नको तेव्हा उघडलेलं रिझर्व्ह

आता ऑस्ट्रेलियातला तो व्हिडिओ. तिथं रिझर्व्ह बिघडलं नव्हतं. उलट ते चोख उघडलं, पण विमान अजून शेजारीच असताना. पिन निघण्याची वाट जितकी सोपी ठेवाल, तितकी ती चुकून निघण्याची शक्यता वाढते. हँडल हाताला सहज सापडावं म्हणून ते छातीवर उघडं ठेवावं लागतं, आणि उघडं आहे म्हणूनच ते दाराला, फ्लॅपला, शेजाऱ्याच्या कोपराला अडकू शकतं. या दोन गरजांमध्ये कायमची ओढाताण आहे, आणि कुठल्याही कंपनीला ती पूर्णपणे मिटवता आलेली नाही. म्हणून विमानात चढण्याआधी आणि दाराशी जाण्याआधी एकमेकांची हँडलं, पिना तपासतात, आणि दारातून बाहेर पडताना छाती कशाला घासणार नाही याची काळजी घेतात.

तो स्कायडायव्हर वाचला तो त्याच्याजवळच्या छोट्या हुक-चाकूमुळे. आकडीच्या आत धार असलेला हा चाकू फक्त दोरी आणि पट्टी कापतो. त्यानं रिझर्व्हच्या ११ दोऱ्या कापल्या, तो सुटला आणि मग मेन उघडलं. रिझर्व्हचे अवशेष त्यात गुंतले, तरी ते फुललं आणि तो किरकोळ जखमांवर उतरला. शेपटीला मार बसलेलं विमानही वैमानिकानं सुखरूप उतरवलं. तिथं असा चाकू जवळ ठेवण्याची सक्ती नाही, पण तो जीव वाचवू शकतो, हे अहवालात आवर्जून म्हटलं आहे.

"आणि रिझर्व्हही नाही उघडलं तर?"

आई-वडिलांचा हा हमखास प्रश्न, आणि तो टाळू नये. तसं झालं तर वाचण्याची शक्यता फार थोडी उरते. पण हे किती वेळा घडतं? मेन सोडून द्यावं लागण्याचं प्रमाण साधारण हजार उड्यांत एकदा, असा ढोबळ अंदाज या क्षेत्रात सांगितला जातो. त्यातही रिझर्व्ह दगा देणं फारच विरळा. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्यांमध्ये १० मृत्यू झाले. १९७० च्या दशकात तिथं वर्षाला सरासरी ४० हून जास्त माणसं जात होती.

घरच्यांना सहसा माहीत नसणारी गोष्ट अशी, की आजकालच्या मृत्यूंतला मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत पॅराशूटखाली होतो. लहान आकाराचं वेगवान पॅराशूट घेऊन जमिनीजवळ जोरदार वळण घ्यायचं आणि अंदाज चुकायचा. सामान जितकं सुरक्षित होत जातं, तितकी माणसं जास्त धोका पत्करतात, हे निरीक्षणही थ्री-रिंगवाल्या बूथ यांच्याच नावानं ओळखलं जातं.

पॅराग्लायडिंगचं रिझर्व्ह वेगळं असतं. ते हातानं फेकतात आणि मुख्य पंख सहसा तोडत नाहीत. बोटीनं किंवा जीपनं ओढायचं पॅरासेलिंग हा तर तिसराच प्रकार. तिन्हींना एकाच मापानं मोजू नका.

घडी कोण घालतं, आणि आपलं ऊन

मेनची घडी स्कायडायव्हर स्वतः घालू शकतो. रिझर्व्हची घडी मात्र परवानाधारक तंत्रज्ञच घालतो, त्याला 'रिगर' म्हणतात. अमेरिकेच्या नियमानुसार दर १८० दिवसांनी रिझर्व्ह उघडून, तपासून, नव्यानं घडी करावीच लागते, भले ते एकदाही वापरलेलं नसो. आधी ही मुदत १२० दिवस होती. काम झालं की रिगर पिनेजवळ दोरा बांधून त्यावर आपलं सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. दोरा तुटलेला दिसला की ती बॅग वापरायची नाही.

नायलॉनचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी कापड वरून चांगलं दिसतं, पण आतून कमजोर होत जातं. नवतपात बंद गाडीच्या डिकीत काय भट्टी पेटते ते आपल्याला सांगायला नको. तिथं किंवा धावपट्टीवर उघड्या उन्हात बॅग टाकून ठेवणं कापडालाही वाईट आणि एएडीच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दुपारच्या उडीत तेच पॅराशूट सकाळपेक्षा वेगानं खाली येतं.

टँडमला जाणाऱ्यानं विचारायचं काय?

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण टँडम करतात, म्हणजे प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून घेऊन उडी मारतात. प्रवाशाकडे स्वतःचं पॅराशूट नसतं. मेन, रिझर्व्ह, एएडी, सगळं प्रशिक्षकाच्या पाठीवर. दोघांच्या वजनामुळे पडण्याचा वेग फार वाढू नये म्हणून आधीच एक छोटी छत्री मागं सोडलेली असते, आणि मेन बरंच वर, साधारण ५,००० फुटांच्या आसपास उघडतात.

बुकिंग करताना व्हिडिओ पॅकेज कितीला हे विचारतोच आपण. त्याच फोनवर विचारा, की रिझर्व्हची शेवटची घडी कोणत्या तारखेला झाली आणि कार्ड दाखवाल का. एएडीची सर्व्हिसिंगची आणि बदलण्याची तारीख विचारा. प्रशिक्षकाचं टँडमचं प्रमाणपत्र विचारा, त्याच्याकडे हुक-चाकू असतो का ते विचारा. चांगला चालक या प्रश्नांनी चिडत नाही, कार्ड काढून समोर ठेवतो. कुणी "टेन्शन नका घेऊ" एवढ्यावरच विषय संपवायला लागला, तर पैसे देऊ नका.

हार्नेस घालताना मांड्यांचे पट्टे ढिले वाटले तर लगेच बोला, लाजू नका. खिशातला मोबाइल, किल्ल्या, गळ्यातली साखळी खालीच ठेवा. हवेत घाबरून प्रशिक्षकाचे हात किंवा त्याच्या छातीजवळचं काहीही धरू नका. हात कुठं ठेवायचे ते तो जमिनीवर दाखवतो. तेवढं त्याच्यासमोर दोन-तीनदा करून बघा आणि मगच विमानाकडे चला.